दिवसपाळी

अंबडच्या आमच्या भट्टीला अकरा वर्षं
रात्रच ठाऊक होती.
दहानंतर युनिट स्वस्त, म्हणून दहानंतर
गिअरचे दाते लाल व्हायचे,
आणि रावजी गांगुर्डे मध्यरात्री दोनला डबा सोडायचा,
त्याला तो दुपारचं जेवण म्हणायचा.

यंदा विस्पुतेबाई आल्या. बिल पालथं घालून
पेन्सिलीनं दिवसाचे तुकडे केले:
नऊ ते पाच सवलत.
उन्हाची वीज आहे, म्हणाल्या, उरते,
कुणीतरी खाल्ली पाहिजे.
पॉवर फॅक्टर पॉइंट पंच्याऐंशी.
"हा दंड तुम्ही दानपेटीत टाकावा तसा टाकताय,
न मोजता."
कपॅसिटर बसवले. कपाटाएवढी पेटी,
नुसती गुणगुणते.

चौथ्या महिन्यात बिलाच्या तळाशी
वजाचं चिन्ह. मी चष्मा पुसला.
बायकोला फोन केला, तर ती म्हणाली,
नीट वाचा, छपाईची चूक असेल.

रावजीला मात्र सवलत लागू होईना.
पाथर्डी फाट्याच्या खोलीत
पहाटे तीनला उठून बसायचा, दिवा न लावता.
मुलगी म्हणायची, झोपा पप्पा,
भट्टी बंद आहे.

काल पाचला त्यानं स्विच खाली ओढला
आणि गेटशी थबकला.
पांडवलेणीच्या डोंगरावर अजून ऊन होतं.
"शेठ, हा हिरवा असतो होय?"

पावसाळ्यात असतो, मी म्हणालो,
आणि सवयीनं
मीटरकडे पाहिलं.