तातडीच्या वेळी कळवायची व्यक्ती

म्हापशाच्या कोर्टाजवळ, उतारावर,
झेरॉक्सच्या दुकानात मी फॉर्म भरते.
पंखा मशीनवर असतो, माझ्यावर नाही.

शुक्रवारी बाजाराची गर्दी, म्हणून तो सोमवारी येतो,
हळदोण्याच्या बसनं. पिशवीत पासपोर्ट,
रक्तदाबाच्या गोळ्या, चष्म्याची दोन घरं,
आणि माझ्यासाठी दर वेळी एक मयड्याचं केळं, हातभर लांब.
योरिस. वय चौऱ्याहत्तर.
बेल्जियममधलं त्याचं गाव नकाशावर
माझ्या नखाखाली झाकलं जातं.

चौदा वर्षं तो इथं पर्यटक आहे.
एकशे ऐंशी दिवस भरत आले की कोलंबोला जायचं,
लॉजवर तीन रात्री काढायच्या, परत यायचं.
"घरी येता यावं म्हणून मी घरातून निघतो,"
असं तो एकदा म्हणाला, सुटे पैसे मोजताना.

यंदा डॉक्टरनं विमान बंद केलं.
आता मुदतवाढीचा अर्ज,
आणि अर्जाला जोडायला विमा.
तीन कंपन्यांना मी फोन केले.
पहिलीनं जन्मतारीख ऐकून ठेवून दिला.
दुसरीची बाई गोड बोलली:
आधीपासूनचे आजार धरता येणार नाहीत.
"आधीपासून म्हणजे कधीपासून?" त्यानं विचारलं.
पॉलिसीच्या आधीपासून.
"मग मी सगळाच आधीपासूनचा."
तिसरी हो म्हणाली. हप्ता ऐकून
तो केळ्याच्या सालीकडे बघत बसला,
मग म्हणाला, भर.

त्याच काचेवर सकाळी
माझ्या भावाची कागदपत्रं ठेवली होती मी.
आजोबांचा जन्मदाखला, पोर्तुगीज शाई,
कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या.
भाऊ स्विंडनला, गोदामात, रात्रपाळीला.
त्याच्या फॉर्मवर तातडीच्या रकान्यात माझं नाव आहे.
त्याला काही झालं तर
मी किती तातडीनं काय करणार,
ते कुठल्याच रकान्यात विचारलेलं नाही.

योरिसच्या फॉर्मवरही तो रकाना होता.
तातडीच्या वेळी कळवायची व्यक्ती.
बहीण?
वारली.
मुलगा?
"आहे," म्हणाला. एवढंच.
मशीननं एक कागद गिळला, मी तो ओढून काढला.
"इनास लिही."
कोण इनास?
"पोदेर."

सकाळी सव्वासहाला सायकलचा भोंगा.
खिडकीच्या गजाला निळी पिशवी टांगलेली.
इनास तिच्यात दोन पोयी टाकतो,
देव बरो दीस दिवं म्हणतो
आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातो.
"ज्या दिवशी पिशवीत कालच्या पोयी असतील
त्या दिवशी त्याला आधी समजेल.
त्याला कळवायचं कशाला? कळवणारा तोच."

पुढचा रकाना: नातं.
तो रिकामा ठेवून पुढं जाता येत नाही.
शेजारी? नाही, इनास पल्याडच्या वाड्यावरचा.
मित्र? कधी बसून बोललेलो नाही, म्हणाला.
नोकर तर नाहीच नाही.
बाहेर हळदोण्याची बस हॉर्न मारत होती.
मी टाइप केलं: रोजचा.
संगणकानं हरकत घेतली नाही.

फोन नंबर मिळायला तीन दिवस गेले.
इनासकडे भोंगा होता, फोन त्याच्या मुलाकडे.

अर्ज पणजीला गेला. अजून उत्तर नाही.
विचाराधीन, असं दिसतं, हिरव्या अक्षरात.

काल सोमवार होता. तो आला नाही.
अकरा वाजले, दोन बस गेल्या.
एका गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाच्या
मी मागच्याच बाजूच्या दोन प्रती काढल्या.
मग मीच तो नंबर लावला.
मुलानं बापाला हाक मारली, भट्टीचा आवाज आला,
आणि इनास, धापा टाकत:
"पोती रिती आसा, बाय.
आज सकाळींय रिती."

मी फोन ठेवला.
गिऱ्हाइकाला पुढची बाजू काढून दिली.
पैसे घ्यायचे राहिले.