एक तास पुढे

मेजावर दोन वेळापत्रकं, मध्ये मिठाची बरणी.
पश्चिमेची गाडी सातला पाच कमी असताना,
पूर्वेची बस सात वीसला, म्हणजे त्यांच्या सात वीसला.
लग्नाला चाळीस वर्षं झाली
आणि आमच्याकडे दिवस दोनच,
कारण तिसऱ्या दिवशी शेळ्या सांभाळायला
शेजारची दिओलिंदा तयार नाही.

आबिलियु म्हणतो, कोइंब्रा.
मी म्हणते, सालामांका.
कुणी ऐकलं तर हसेल,
दोन शहाण्या गावांवरून भांडतायत ही दोन अडाणी माणसं.
तो चौथीच्या पुढे गेला नाही,
मी तर तिसरीतच सुईत दोरा ओवला.

तीस वर्षं मी कोइंब्राच्या पोरांचे काळे झगे शिवले.
कापड गठ्ठ्यानं यायचं, मागोमाग दुकानदाराचा फोन:
"दोना फिलोमेना, अजून बारा. ऑक्टोबरच्या आत."
घरभर लोकरीचा काळा धुरळा, पावावर, सुपावर, उशीवर.
आणि ती पोरं त्याचं काय करतात?
शिक्षण संपत आलं की काठ फाडून घेतात.
एक चीर आईनं, एक बापानं, बाकीच्या दोस्तांनी,
आणि जिच्यावर जीव आहे तिनं एक.
दातांनी फाडतात म्हणे.
हे मला कळलं तेव्हा शिवून पंधरा वर्षं झाली होती.
त्यानंतर काठाला दुहेरी टीप घालणं मी सोडलं.
उगाच कुणाच्या आईचे दात दुखायला नकोत.

आबिलियु तेव्हा सीमेपलीकडे दगडाच्या कामावर.
सोमवारी जायचा, शनिवारी यायचा
पापण्यांवर पिवळी पूड घेऊन.
खाणीतून काढला की तो दगड चीजसारखा कापतो, सांगायचा,
मग ऊन खाऊन खाऊन सोन्याचा होतो.
झिजलेल्या भिंतींना ठिगळं लावायला त्याला न्यायचे.
त्या भिंतींवर लाल नावं, पदव्या मिळवलेल्यांची.
पूर्वी बैलाच्या रक्तानं लिहायचे म्हणतात.
एका नावाखालचा दगड त्यानं बदलला.
कुणाचं नाव, ते काही लागलं नाही,
अक्षरं एकमेकांच्या पोटात शिरलेली.

"माझं काय बघणार तू," तो म्हणतो, "दगड तो दगड."
"आणि माझं? फाटके काठ?"

मग गुडघ्यांचा विषय निघाला.
कोइंब्रात एक जिना आहे, त्याचं नावच पाठमोड.
सालामांकात एका दारावर कवटी, कवटीवर बेडूक,
तो आपला आपण सापडला तर परीक्षेत पास.
"या वयात कसली परीक्षा," म्हणाली दिओलिंदा,
"त्यापेक्षा समुद्रावर जा."

मुलाला फोन केला लक्झेंबर्गला. मागे काँक्रीटचं यंत्र घुरघुरत होतं.
"आई, दोन्हीकडे तेच. जुन्या भिंती आणि महाग कॉफी."
तो जाणार होता कोइंब्राला, एकेकाळी.
त्याच्या मापाचा झगा मी शिवून ठेवला होता,
कपाटात, कापूर घालून, दोन हिवाळे.
पुढे कुणाला विकला ते आठवत नाही.
आठवतं.
त्या एकाला दुहेरी टीप होती.

शुक्रवारी रात्रीही काही ठरलं नाही. दिवा मालवला.
तो कुशीवर वळला, मीही, आपापल्या दिशेला.

पहाटे दूध तापवताना पाहिलं,
मेजावर त्याचं घड्याळ तासभर पुढे.
आधी वाटलं, बिघडलं.
भिंतीवरचं पाहिलं, पुन्हा ते पाहिलं.
स्टेशनच्या पलीकडे, चालत जाण्याइतक्या अंतरावर,
स्पेनमधला दिवस आपल्या आधी उठतो.

आत दाढी चालली होती.
पाण्याचा आवाज नको तितका मोठा.
मी अंडी उकडली, पाव कापला, शेळ्यांचं दार दोनदा पाहिलं.
मग मोरीच्या दारातून एवढंच विचारलं,
"आणि हा मधला तास?"
"येताना परत देतात," तो साबणातून म्हणाला.

सवयीनं पिशवीत टाकलेली सुईदोऱ्याची डबी
काढून ठेवली. पुन्हा टाकली.
चष्मा मात्र आठवणीनं घेतला.
बेडूक, म्हणे, फार लहान आहे.