मेंढीची नोंद

कोरिएंतेसमधल्या आमच्या गावात
एकवीस वर्षं न्यायाधीशांच्या टेबलाशेजारी बसून
चोऱ्यांची वही मी लिहिली.
मेंढी चोरली, तर मेंढी परत, नाहीतर तिची किंमत.
खाऊन टाकली असेल तर निदान कातडं.
पोरगं उपाशी होतं, असं कुणी म्हटलं
की न्यायाधीश चष्मा काढायचे,
आणि चष्मा निघाला की दंड निम्मा व्हायचा.
हे कुठल्या कलमात नव्हतं.
वहीत आहे, माझ्या अक्षरात.

अनिसेतो बेटांवरच्या लढाईतून परतला
तो मनगटं बाहीत लपवून.
ऑगस्टपर्यंत बोलला नाही.
मग एके सकाळी, माते पिता पिता, एकदम:
"मेंढी होती, दोन्या एर्मेलिंदा.
कुंपणापलीकडे. आम्ही तिघं गेलो.
चार दिवस नुसतं कोमट पाणी,
त्याला सूप म्हणायचे."

मी सवयीनं विचारलं, मालकानं तक्रार केली?

"मेंढीचं कुणी नावच काढलं नाही.
जागा सोडली, एवढंच."

जागा म्हणजे
गुडघाभर पाण्याचा एक खड्डा.

तंबूच्या चार खुंट्या. दोन हात, दोन पाय.
पाठीखाली ओली काळी माती, अंगावर गारांचा पाऊस.
साक्षीदार?
"सगळी तुकडी. बघायलाच उभी केलेली."
किती वेळ?
"घड्याळ सार्जंटकडे होतं."
आणि तुझी बाजू? ती ऐकली कुणी?
"खंदकाला दोनच बाजू, दोन्या.
पुढची आणि मागची."

मी शिव्या दिल्या त्या सार्जंटला.
अनिसेतोनं मान हलवली. नको म्हणाला.
"सगळेच मेंढीमागे गेले असते
तर खड्ड्यात कोण राहिलं असतं?
रात्री तोफा सुरू झाल्या
तेव्हा सोडायला तोच आला, रांगत.
गाठ भिजून आवळली होती.
दातांनी सोडली त्यानं.
तोही उपाशीच होता."

मेंढीचं काय झालं मग?
"दुसऱ्या दिवशी वास आला भाजल्याचा.
कुठून, ते नका विचारू."

संध्याकाळी न्यायाधीशांना सांगितलं.
त्यांनी चष्मा काढला.
बराच वेळ हातात धरून बसले.
"हे आपल्या हद्दीत येत नाही," म्हणाले,
आणि पुसून परत घातला.

शनिवारी अनिसेतो कचेरीत आला, भांग पाडून.
टेबलावर घडी घातलेल्या नोटा ठेवल्या.
एका मेंढीचे.
"मालक सापडला तर द्या."

मी पावती दिली.
आरोपी: स्वतः हजर. मालक: अज्ञात.
शिक्षेच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि शाईचा ठिपका पसरू दिला.

त्यानंतर देशाच्या नोटा तीनदा बदलल्या.
त्या आता कशालाच चालत नाहीत.
वही मी घरी आणली आहे.
पान एकशे बारा तेवढं
नीट मिटत नाही.