नमुना सही

एकतीस वर्षं नौपाड्याच्या शाखेत
मी सह्या जुळवल्या.
डाव्या हाताला नमुन्याचं कार्ड, उजव्याला चेक,
मधे माझी मान.
'ग'ची गाठ, वेलांटीचा शेवटचा झटका,
खालची रेघ उगाच दोनदा ओढायची एकेकाची खोड.
नाही जुळली तर लाल पेन: सही भिन्न आहे.

आता निरोप समारंभात मिळालेली दुर्बीण घेऊन
सकाळी सातला कोलशेतच्या खाडीवर उभी असते,
आणि वर जे फिरतंय
ते कुठल्याच कार्डाशी जुळत नाही.

बगळ्यांचं सोपं. येतात, रांगेत उभे राहतात,
चेहरा दाखवतात.
शिकारी पक्षी म्हणजे बेअरर चेक,
कोणी पाठवला, कळायला मार्ग नाही.
पोटाकडून दिसतो, उन्हासमोर, नुसता काळा,
मी चष्मा बदलेस्तोवर कांदळवनापलीकडे.

म्हणून पुस्तक घ्यायचं ठरलं.
आयेशा मुकादमला सोबत नेलं. कौशाची, वय एकोणीस,
तांबट कुठल्या झाडावर ते डोळे मिटून सांगते.
पेंडुरकरांनी टेबलावर तीन ठेवली.

पहिलं फोटोंचं, गुळगुळीत, महाग.
"काकू, हे नको," आयेशा म्हणाली.
"फोटोत एकच घार असते. त्या दिवशीची, त्या उन्हातली.
चित्रात सगळ्या घारी असतात."
मी गप्प.
खातं उघडताना, एका मंगळवारी, जपून केलेली एक सही:
तिच्यावर आम्ही माणूस आयुष्यभर तोलायचो.

दुसरं चित्रांचंच, पण खिशातलं.
अख्खा देश सव्वाशे पानांत, गरुडांना दोन,
नखाएवढे, सगळे एकाच दिशेला तोंड करून.

तिसरं जुनं, जाड, फक्त शिकारी पक्ष्यांचं,
कणा सेलोटेपनं बांधलेला.
प्रत्येक पक्षी खालून, वरून, बसलेला,
पहिल्या वर्षाचा, तिसऱ्या वर्षाचा, म्हातारा.
पंखांच्या टोकाची बोटं मोजा, लिहिलं होतं;
घारीला सहा, ठिपकेदार गरुडाला सात.
आणि त्याचे ते ठिपके लहानपणीच असतात.
मोठेपणी नाव तेवढं उरतं.

द्वारका करंदीकर. पेन्शन खातं.
हाताला कंप आल्यावर दर महिन्याला
त्यांचा 'क' थोडा आणखी सुटायचा.
एकदा मी लाल पेन उचललं.
त्या समोरच उभ्या होत्या, काउंटरच्या पलीकडे,
पिशवी छातीशी धरून. मी त्यांना ओळखत होते.
तरी लिहिलं.

पेंडुरकर म्हणाले, "समासात कोणी गिरगटलंय,
शंभर कमी द्या."
पेन्सिल होती. नाव कुठेच नाही.
'ऐरोली, जाने. ८९. दलदली भोवत्या, मादी.'
त्याखाली, वेगळ्या पेन्सिलीनं: 'मादी की पिल्लू?'
आणि बऱ्याच पानांनंतर, अक्षर आता थरथरतं,
'पुन्हा पाहिला. नक्की नाही.'
हात तोच.
कार्ड नव्हतं जुळवायला,
पण एवढं मी शपथेवर सांगेन.

पूर्ण पैसे दिले. आयेशा हसली,
तिला वाटलं मला घासाघीस जमत नाही.

काल भरतीच्या वेळी एक आला.
मोठा, गडद, शेपूट आखूड,
घाईत नसलेला.
"बोटं मोजा, काकू!"
दोघी मोठ्यानं मोजत होतो,
गळ टाकून बसलेला माणूस वळून बघू लागला.
चार, पाच, सहा,
आणि तो नव्या टॉवरच्या मागे गेला,
जिथे विसाव्या मजल्यावर अजून हिरवी जाळी आहे.
वाट पाहिली. पलीकडून बाहेर आला नाही,
किंवा आला आणि तोवर घार झाला होता.

पुस्तक मांडीवर उघडून, त्या थरथरत्या ओळीखाली,
जागा फार उरली नव्हती तरी लिहिलं:
कोलशेत. सहा बोटं मोजली.
सातवं इमारतीमागे.