वाहन : कासव

फालमथच्या बंदरावर, होड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानाच्या माडीवर
दोन खोल्यांचं म्युझियम आहे.
मूळ पाटी तिथे नाही. प्लास्टरचा ठसा आहे,
कुणा कप्तानाच्या विधवेने दिलेला,
आणि त्यावर रांगेने पक्षी, मासे, कासवं,
एक हात तोंडाकडे नेलेली माणसं.
आजवर कुणालाच न वाचता आलेली.

डेन्झिल पेन्हॅलिक दर मंगळवारी तिथली धूळ पुसायचा.
मी तेहतीस वर्षं हॉस्पिटलच्या फार्मसीत
डॉक्टरांचं अक्षर लावलेलं,
म्हणून मला म्हणाला, हे लाव.

एक ओळ संपली की पाटी उलटी करायची,
म्हणजे पुढची ओळ सुलटी होते.
बांधाशी औत वळवावं तसं.
पण प्लास्टर जड, आणि त्याचा गुडघा गेलेला;
आम्ही पाटी तशीच ठेवली
आणि टेबलाभोवती फिरलो.
प्रदक्षिणा, मी म्हटलं. त्याने शब्द वहीत उतरवून घेतला.

त्याचं म्हणणं, हे आभाळ आहे.
त्या बेटावर कृत्तिकांना मातारिकी म्हणतात,
पहाटे त्या दिसल्या की वर्ष लागतं.
मग मीही वडिलांचं पंचांग काढलं :
मृग, वाहन कोल्हा. आर्द्रा, वाहन उंदीर.
ज्या भाषेत नक्षत्र उंदरावर बसून येतं
तिने कासवाला का हसावं?

सत्तावीस मोजले. एक चिन्ह उरलं,
तिथे अभिजित बसवला.
त्यानंतरही उरलेल्यांना आम्ही ढग म्हटलं.
ढग फार झाले.
त्या हिवाळ्यात आम्ही दोघं खोटं बोलत होतो असं नाही,
पण चष्मा पुसायचं टाळत होतो.

वाचणारे अठराशे बासष्टमध्ये गेले,
पेरूच्या जहाजांनी धरून नेले.
थोडे परतले ते अंगावर देवी घेऊन.
मागे राहिलेल्या एका पाटीला म्हणे
कुणी मासेमारीची दोरी गुंडाळून ठेवायचं.
फार्मसीत अक्षर लागलं नाही तर
वॉर्डात फोन करायचा असतो.

डेन्झिल फेब्रुवारीत गेला.
बहीण लव्हडे, तिने त्याच्या सहा वह्या मला आणून दिल्या.
समासात जागोजाग एक खूण :
अर्धा चंद्र, कडेला बारीक दाते.
मोजली. दर अठ्ठाविसाव्या दिवशी,
सात वर्षं, एकदाही न चुकता.
माझे हात गार पडले.
चंद्राशी जुळेना; एकोणतीस हवे होते, किंवा सत्तावीस.
जुळवलं. ढग घातले.
दोन रात्री जागून तीन पानांचा तक्ता केला
आणि लव्हडेला चहाला बोलावलं.

तिने तक्ता बघितला, मग खूण.
म्हणाली, पेन्शन.
दर चार आठवड्यांनी मंगळवारी जमा होते,
त्या दिवशी तो दोन पेस्ट्या आणायचा.
हा चंद्र नाही गं. ही पेस्टी,
हे दाते म्हणजे तिची मुरड.

एक त्याची. दुसरी, चीज-कांद्याची,
मीच खायचे.
कासवांवर चुरा पडू नये म्हणून
जिन्यात बसून.

जुलैत एकदा पहाटे तीनला उठून पेंडेनिसला गेले.
सेंट मॉझच्या दिव्यांच्या वर
कृत्तिका होत्या. मी सहा मोजल्या,
सातवी आहे म्हणतात.
वही उघडली, तारीख घातली,
समोर लिहिलं : वाहन कासव.
चूक असेल. समासात
एक पेस्टीही काढली, दाते मोजून,
आणि पुढच्या ओळीसाठी
वही उलटी धरली.