चाळीस गावांचा वारा

मानवतला जिनिंगच्या भिंतीला लागून सरकीचा ढीग असायचा,
दिवाळीनंतर तर दोन माणसं उंच.
तेच आमचं जहाज.
साडेपाचला टीव्हीवर ती कार्टून मालिका लागायची,
सहाला लाईट जायची,
सहा वाजून पाच मिनिटांनी आम्ही ढिगावर.

इरा कोण, यावर भांडणं.
जहाजावरची एकडोळी खार कोण, यावरसुद्धा.
झारक कोण, यावर कधीच नाही.
गावोगावचा वारा पोत्यात भरून पळवणारा झारक
म्हणजे काशिनाथ.
कुणी ठरवलं नव्हतं.
त्याच्या बापाला विहिरीवरची मोटार काढताना धरलं होतं
रामपुरीच्या शिवारात.
तेवढं पुरेसं होतं आम्हाला.

तो झारक चांगला करायचा, हे सांगितलं पाहिजे.
बारदाना खांद्यावर टाकून यायचा
आणि हसायचा नाही.
टीव्हीतला हसायचा, मोठ्यानं, सगळे दात दाखवून.
काशिनाथ म्हणायचा, चोरी करताना कुणी हसत नसतंय.
आम्ही म्हणायचो, तुला बरं माहीत.

तिसऱ्या वर्षी झारक बदलला.
एकदम नाही. आधी एका भागात तो नुसता जेवताना दिसला,
एकटाच, अर्धी भाकरी मोडून बाजूला ठेवत.
कुणासाठी, ते सांगितलं नाही.
मग एकदा पोत्याचं तोंड बांधता बांधता थांबला.
आणि माघात कधीतरी
त्यानं एका गावाचा वारा सोडून दिला.
पवनचक्की फिरली, एका म्हातारीचा पदर उडाला,
इरानं हात देऊन त्याला जहाजावर घेतलं.
उषाकाकूंच्या बैठकीत आम्ही अकरा पोरं टाळ्या वाजवत होतो.
काशिनाथ दारात उभा.
त्याला आत बस असं कुणी म्हणलं नव्हतं,
तीन वर्षांत एकदाही.
हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

त्या संध्याकाळी सगळ्यांनाच झारक व्हायचं होतं.
झालो मी. माझ्याकडे रेनकोट होता, काळा, घोट्यापर्यंत.
काशिनाथनं बारदान्याची घडी घातली.
म्हणाला, हो की तू.
पण एका गावाचं झालं.
राहिलेल्या चाळीस गावांचं काय करतोस, ते बघ.

मी म्हणालो, दाखवतील पुढं.
दाखवलं नाही. मालिका संपली,
का केबलवाल्यानं चॅनल काढलं, कोण जाणे.

तर, कॅरमचा स्ट्रायकर.
उषाकाकूंचा, पिवळट पांढरा, मधे लाल चांदणी.
तो हरवला तेव्हा सगळ्यांनी दाराकडे बघितलं.
माझ्या चड्डीच्या खिशात तो मांडीला गार लागत होता
आणि मीही दाराकडे बघितलं,
इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.

दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही.
ढिगावर झारक मीच. सुधारलेला.

आता पाथरी रोडला त्याचं रिवायंडिंगचं दुकान आहे.
विहिरीवरच्या मोटारी लोक आपण होऊन
आणून देतात त्याच्याकडे.
परवा मीही गेलो, आमची दीड एचपी घेऊन.
तांब्याची तार बोटाभोवती घेत, वर न बघता म्हणाला,
कामून आलास? कुण्या गावचा वारा घेऊन आलास?
नाही, तसं म्हणालाच नाही.
कामून आलास, एवढंच म्हणाला.
बाकीचं मी घरून नेलं होतं.

चार दिवसांनी मोटार आणायला गेलो
तेव्हा स्ट्रायकर मुठीत होता. गार नव्हता.
साडेअठराशे झाले. मी एकोणीसशे दिले.
तो सुट्टे शोधायला लागला, गल्ल्यात,
मग शर्टाच्या खिशात, मग शेजारच्या टपरीवर जाऊन आला.
मी म्हणालो, राहू दे काशिनाथ.
कायला राहू दे, म्हणाला,
आणि पन्नासची नोट पुढं केली.

माझी मूठ उघडेना.
त्यानं थोडा वेळ वाट बघितली,
नोट काउंटरवर ठेवली,
आणि पंख्याच्या वाऱ्यानं उडू नये म्हणून
वर पक्कड ठेवली.