टिटवी

लॉकला आता खरोखरीचं कुलूप लागलंय.
साखळी कोरी आहे, तेलाचा वास येतो अजून.
पाटी सांगते: पाणी अपुरं. नावांची ये-जा
पुढील सूचनेपर्यंत बंद.
माझ्या परवान्यावरची बारीक अक्षरं सांगतात:
एका जागी चौदा दिवसांहून जास्त थांबू नये.

आज एकेचाळिसावा.

नावेचं नाव लॅपविंग. म्हणजे टिटवी.
टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात.
हिने काही केलेलं नाही, देवाशपथ.
कालवा आपला आपणच आटला,
मे महिन्यापासून, दिवसाला बोटभर.

पेनाइनच्या या उतारावर सात लॉक, जिन्यासारखे.
नाव एक पायरी चढते तेव्हा
दोनेक लाख लिटर पाणी एक पायरी उतरतं.
दोनशे वर्षं असंच चाललं, उधारीवर,
आणि वरचा तलाव मुकाट्याने भरत राहिला.
आता त्याच्या तळातून एका गोठ्याची भिंत वर आलीय.
मेंढ्यांनी ती लगेच ओळखली.
दुपारी सावलीला तिथेच बसतात.

पाणी गेलं आणि ज्याने जे बुडवलं होतं ते वर आलं:
तीन सायकली, पोस्टाचा एक फलक,
दार फोडलेली तिजोरी, आत शिंपले, जिवंत.
शाळेतली पोरं बादलीने ते शिंपले
मधल्या डबक्यात नेऊन सोडतात.
डबकं रोज लहान होतं. पोरांना ते कळतं.
तरी नेतात.

माझ्या पुढच्या नावेत एडना क्लेग.
वय शहाऐंशी, खुब्यात लोखंडी सळई.
तिची नाव काठाच्या दगडावर अडकून कलली.
आधी टेबलावरचं अंडं घरंगळलं,
मग कपाटं आपोआप उघडू लागली,
मग ती स्वतः, रात्रभर
गादीवरून भिंतीकडे.
"त्याचं काय एवढं," म्हणाली,
"नवरा जाडा होता.
चाळीस वर्षं उतारावरच झोपले मी."
पण हात थरथरत होता, कप धरताना,
आणि कपातला चहाही तिरपा.

गुरुवारी रात्री मी चावी घेऊन उठले.
वरच्या लॉकच्या साखळीची एक कडी
आधीच कुणी तोडून तारेने बांधून ठेवलेली.
माझ्याआधीही कुणाची तरी एडना असणार.
झडप दीड वळण उघडली.
फार नाही, दीड.
पाणी आलं ते चोरपावलांनी,
त्यालाही ठाऊक असावं.
तासाभराने एडनाची नाव कण्हली,
दगडावरून घासली, सरळ झाली.
आत दिवा लागला.
बराच वेळ लागलेलाच होता.
मग विझला.

सकाळी वर पाहिलं.
वरच्या टप्प्यात इवार्ट पिलिंगची नाव,
कोळसा आणि गॅस विकतो तो,
चिखलात एका कुशीवर पडलेली
वाफेच्या गाडीसमोर बसकण मारलेल्या घोड्यासारखी.
छपरावरच्या टाक्या दोरीने कशाबशा थोपवलेल्या.

दहाच्या सुमारास तो हातगाडी ढकलत खाली आला.
एडनाची गॅसची टाकी पोचवली, नेहमीसारखी.
पैसे मोजून घेतले, नेहमीसारखे.
मग माझ्या दाराशी थांबला.
माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.
पायरीवर वाळत घातलेल्या बुटांकडे पाहिलं,
लॉकच्या हिरव्या शेवाळाकडे, जे बुटांना लागलेलं होतं.

मी म्हटलं, "इवार्ट..."

"चहा टाक," तो म्हणाला.
"माझ्या किटलीत पाणी राहत नाही आजपासून.
चोचीतून सांडतं."

प्यायलो. दुसराही प्यायलो.
हवामानाबद्दल कुणी काही बोललं नाही.

जाताना तो वरच्या लॉकपाशी वाकला.
पक्कड होतीच त्याच्या खिशात.
तुटक्या कडीची तार सोडली
आणि पुन्हा बांधली,
मी बांधली होती त्यापेक्षा नीट,
सवयीच्या हाताने.